ख्रिस्ती उपासना आणि ईश्वरकल्पना

ख्रिस्ती उपासना आणि ईश्वरकल्पना : देव कसा आहे याविषयी भक्ताच्या मनात जी धारणा असते, तिचा ख्रिस्ती सामुदायिक उपासनेच्या जागेवर, क्रमावर, गायनावर आणि भक्ताच्या उठण्या-बसण्यावर होणारा परिणाम. पिता, पुत्र व पवित्र आत्मा असा त्रिएक देव बहुतेक सर्व ख्रिस्ती पंथ मानतात. तरीही रोममधली मिस्सा, जिनिव्हातले स्तोत्रगायन, क्वेकरांची मूक बैठक आणि नगर जिल्ह्यातल्या खेड्यातले ख्रिस्ती भजन शेजारी शेजारी ठेवली, तर नवख्याला हा एकच धर्म आहे असे वाटणार नाही. एकाच देवाचा वेगवेगळा गुण प्रत्येक परंपरेने पुढे धरला, हे त्याचे मुख्य कारण.

ख्रिस्ती उपासनेविषयीची सर्वांत जुनी बाहेरची साक्ष बिथिनियाचा रोमन सुभेदार प्लिनी याची. सुमारे ११२ साली सम्राट ट्राजनला लिहिलेल्या पत्रात तो कळवतो की, हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून गीत गातात. म्हणजे सिद्धान्ताची नेमकी भाषा ठरण्याच्या दोनशे वर्षे आधीच गाणे सुरू होते. पुत्र हा पित्याने निर्माण केलेला, म्हणून त्याहून कमी, असे मत एरियस या धर्मगुरूने मांडले. ३२५ च्या निकिया परिषदेने ते फेटाळले. पुढे कैसरियाचा बिशप बासिल उपासनेत पिता, पुत्र व आत्मा या तिघांची स्तुती बरोबरीने करी. त्यावर आक्षेप आला, तेव्हा त्याने सुमारे ३७५ साली पवित्र आत्म्यावर ग्रंथ लिहून उत्तर दिले : बाप्तिस्मा तिघांच्या नावाने होतो, मग स्तुतीत एकाला खाली का बसवायचे? ईश्वरकल्पना उपासना घडवते हे खरेच, पण उपासनाही ईश्वरकल्पनेला धरून ठेवते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही.

कॅथलिक परंपरेत देवाचे सान्निध्य हा गाभा आहे. मिस्सेत धर्मगुरूच्या हातची भाकर ख्रिस्ताचे शरीरच होते, ही श्रद्धा. वसईच्या एखाद्या चर्चमध्ये पाऊल टाकणारी आजी पाहावी : दाराशी पवित्र पाण्यात बोटे बुडवून ती क्रुसाची खूण करते, वेदीकडे तोंड करून गुडघा टेकते, मगच बाकावर बसते. पवित्र भाकर ठेवलेल्या पेटीजवळ दिवा तेवत असतो. चर्चमध्ये दुसरे कोणी नसले तरी तिचे वागणे बदलत नाही, कारण तिच्या दृष्टीने घरधनी घरातच असतो.

सोळाव्या शतकातील अनेक धर्मसुधारकांनी नेमके हेच नाकारले. ल्यूथरने गायन ठेवले, वाढवलेही. झ्विंग्ली व कॅल्व्हिन यांना मात्र देवाचे सार्वभौमत्व व त्याचे अदृश्यपण सर्वांत महत्त्वाचे वाटले. माणसाने घडवलेल्या कशातही देव मावत नाही, म्हणून त्याने सांगितले तेवढेच उपासनेत असावे, अशी त्यांची भूमिका. झ्विंग्लीच्या झुरिकमध्ये १५२४ साली चर्चमधील मूर्ती व चित्रे काढली गेली. १५२५ च्या ईस्टरला प्रभुभोजन साध्या मेजावर, लाकडी ताटल्या-पेल्यांतून दिले गेले. कॅल्व्हिनच्या जिनिव्हात मंडळी बायबलमधली स्तोत्रेच छंदात बांधून, एका सुरात, वाद्याविना गात. त्यांचा पूर्ण संग्रह १५६२ साली निघाला. क्वेकर यांच्याही पुढे गेले. प्रत्येकाच्या अंतरात देवाचा प्रकाश आहे असे मानल्यावर धर्मगुरू, वेदी, गाणे यांचे कारणच उरले नाही. त्यांच्या मूक बैठकीत सारे शांत बसतात, आणि प्रेरणा झाली तरच कोणी बोलतो.

या साऱ्याचा मराठीशी जवळचा संबंध आहे. गोव्यात १५७९ साली आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत रचलेले 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. पुराण ऐकायची सवय असलेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांसाठी ते होते, आणि चर्चमध्ये वाचले जाई. ज्याची कथा ओवीत सांगता येते असा देव त्यातून ऐकणाऱ्याच्या ओळखीचा झाला.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरला ठाणे केले. हे मिशनरी न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल परंपरेचे, म्हणजे कॅल्व्हिनच्याच वंशातले. गायन, शास्त्रपठण, प्रार्थना, उपदेश हा त्यांचा क्रम आणि मधोमध उपदेशपीठ. इंग्रजी चालींवर बसवलेली मराठी गीते मंडळी म्हणत, पण ती जिभेवर रुळायला कठीण. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि हे चित्र पालटले. तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो, अशी त्यांची भावना होती. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या परंपरेत वाढलेल्या या कवीने ख्रिस्तालाही माउली म्हटले. न्यायासनावरच्या राजापुढे माणूस उभा राहून अर्ज करतो. आईशी तो रुसतो, हट्ट करतो, तिच्या कुशीत शिरतो. टिळकांच्या अभंगांत हे सगळे आहे, आणि पेटी-तबल्यावर टाळ्या वाजवीत ते अभंग म्हणणाऱ्या मंडळीतही ते दिसते. क्रम न्यू इंग्लंडचाच राहिला, पण गाण्याला वारकरी वळण लागले. प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गायनसंग्रहात टिळकांच्या रचनांचा वाटा फार मोठा आहे. १९१७ साली त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' स्थापला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणण्याचा हेतू होता.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचा मार्ग वेगळा. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्यांनी तिथल्या अँग्लिकन सिस्टरांशी पत्रांतून कसून वाद घातला. दुसऱ्याने सांगितले म्हणून देव स्वीकारणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. पुढे त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली धार्मिक जागृती झाली. पवित्र आत्मा इथे, आत्ता काम करतो या विश्वासाने शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, आपापली पापे उघडपणे कबूल करू लागल्या. शिस्तीची उपासना पाहिलेल्यांना हा गोंधळ वाटला. रमाबाईंनी तो दडपला नाही. लॉस एंजेलिसमधल्या १९०६ च्या अझुसा स्ट्रीट चळवळीआधीची ही घटना असल्याने पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणाऱ्या पेंटेकॉस्टल पंथाच्या इतिहासात केडगावचे स्थान मोठे आहे.

कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविधीविषयीचा दस्तऐवज मंजूर केला. त्यानंतर मिस्सा लोकभाषांत होऊ लागली, महाराष्ट्रात मराठीत आली, आणि बहुतेक ठिकाणी धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभा राहू लागला. वेदीपलीकडच्या गूढाइतकेच मंडळीच्या मेळ्यातले देवाचे अस्तित्वही महत्त्वाचे, हा आग्रह त्यामागे होता. याने गूढता गेली अशी तक्रार काही कॅथलिक अजूनही करतात. पण आपल्या बोलीत देवाशी बोलता येणे ही मिळकत त्या हानीहून मोठी आहे.

मराठी मंडळ्यांत एक उणीव मात्र राहिली आहे. गाताना जी मंडळी ख्रिस्ताला माउली म्हणते, तिच्या वतीने पाळक प्रार्थनेला उभा राहिला की बहुधा फक्त राजा, प्रभू आणि पिता एवढीच संबोधने ऐकू येतात. टिळकांनी गायनात आणलेली जवळीक उपदेशपीठावरही यायला हवी. पाळकांनी आणि धर्मशिक्षण देणाऱ्या संस्थांनी हे काम आता हाती घ्यावे.