थकबाकी माणसाची की घराची?

आमच्या खामगावात भाडेकरू खोली सोडतो तेव्हा घरमालक त्याच्याकडे दोन गोष्टी मागतो : किल्ली आणि शेवटच्या वीजबिलाची पावती. किल्ली मिळते, पावती पुष्कळदा राहून जाते. मीटर बहुधा मालकाच्या, कधी कधी त्याच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर असते. मग थकबाकी कोणाची? ज्याने दिवा जाळला त्याची, की ज्या घरात तो जळला त्या घराची? कायद्याने या प्रश्नाचे उत्तर काळाप्रमाणे बदलले आहे.

१९१० च्या भारतीय वीज कायद्यात हा व्यवहार पुरवठादार आणि ग्राहक या दोघांतला होता. पैसे थकले की सात दिवसांची लेखी नोटीस द्यायची आणि पुरवठा तोडायचा. थकबाकी घराबरोबर पुढच्या माणसाकडे जाईल, असे त्या कायद्यात कुठेच नव्हते.

घरभाड्याचा कायदा मात्र वेगळ्या वाटेने गेला. वऱ्हाडातला आपला बुलढाणा जिल्हा १९५६ साली मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. तरीही विदर्भात मुंबईचा १९४७ चा भाडे कायदा न येता १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाड भाडेनियंत्रण आदेशच चालू राहिला. घर सोडण्याची नोटीस देण्याआधी मालकाला भाडे नियंत्रकाची परवानगी लागे. तीन महिन्यांचे भाडे थकणे हे त्याचे एक कारण होते. परवानगीची वाट पाहण्यापेक्षा फ्यूज काढून घेण्याचा मोह मालकाला होणे साहजिक होते. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ नुसार, पुरेशा कारणाशिवाय भाडेकरूचे वीज-पाणी मालकाला तोडता येत नाही.

थकबाकीपुरते बोलायचे तर १९९५ साली बिहारमधल्या ईशा मार्बल्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुनाच विचार उचलून धरला. लिलावात मालमत्ता घेणाऱ्यावर आधीच्या मालकाचे वीजबिल लादता येणार नाही, असा तो निकाल होता.

महाराष्ट्रात वळण आले २००५ साली. त्या वर्षी वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आले आणि राज्य वीज नियामक आयोगाची पुरवठा संहिताही आली. तिच्या विनियम १०.५ ने आधीच्या मालकाची किंवा भोगवटादाराची थकबाकी हा त्या जागेवरचा बोजा ठरवला. नव्या मालकाकडून, इतकेच नव्हे तर नव्या भोगवटादाराकडूनही तो वसूल करता येतो. मात्र जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या बिलापुरताच. २०२१ च्या संहितेतही हे तत्त्व कायम राहिले. १९ मे २०२३ रोजी के. सी. निनान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केले, की एरवी वीजबिल हा मालमत्तेवरचा बोजा नसतो. पण वैधानिक नियमात तशी तरतूद असेल तर नव्या माणसाकडून ते मागता येते.

‘बोजा’ हा शब्द शेतकऱ्याला नवा नाही. सोसायटीच्या कर्जाचा बोजा सातबाऱ्यावर चढतो आणि घेणारा तो वाचून व्यवहार करतो. विजेचा बोजा सहसा असा कुठल्या उताऱ्यावर दिसत नाही. तो पाहायचा तर ग्राहक क्रमांक घेऊन बिलच काढावे लागते. बदली होऊन आलेला शिक्षक खोली घेतो, तेव्हा हे त्याला कोण सांगणार?

मालकाचाही एक गैरसमज आहे. सहा महिन्यांची सवलत जागेत नव्याने येणाऱ्याची आहे. मीटर मालकाच्या नावावर असेल तर ग्राहक तोच, आणि पूर्ण रक्कम त्याचीच. वारसाला तर ही मर्यादाच नाही. म्हणजे वडिलांच्या नावावरच्या मीटरवर भाडेकरूने वीज जाळून थकवले, तरी भरणार मुलगा. करारात काहीही लिहिलेले असो, महावितरणच्या लेखी तो भाडेकरू नसतोच. मुलाने भरलेली रक्कम त्याच्याकडून वसूल करायची तर मुलालाच दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते.

२००३ च्या वीज कायद्याचे कलम ४३ मालकाबरोबरच भोगवटादारालाही वीजजोडणी मागण्याचा हक्क देते. भाडे कायद्याचे कलम ५५ भाडेकरार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकावर टाकते. त्या करारात मीटरचा क्रमांक आणि प्रवेशाच्या दिवशीचे रीडिंग या दोन ओळी वाढवल्या, तर निदान कोणी किती वीज जाळली याचा पुरावा तरी दोघांच्या हाती राहील.