डॉस संगणकावरील सचित्र मराठी दस्तऐवज

डॉस या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या व्यक्तिगत संगणकाच्या पडद्यावर मजकूर व चित्रे एकत्र दाखविणाऱ्या आज्ञावली सुमारे १९८५ ते १९९५ या दशकात प्रचारात आल्या. पुस्तक वाचण्यास पुस्तक पुरते. या दस्तऐवजांना मात्र ते वाचणारी आज्ञावली, तिला साजेसा पडदा आणि बहुधा एखादे जादा कार्डही लागे. इंग्रजीपुरता हा इतिहास यंत्राच्या वाढत्या शक्तीचा आहे. मराठीत तो वेगळ्या वळणाने गेला, कारण देवनागरी अक्षर हे संकेत म्हणून साठवावे की चित्र म्हणून, हा प्रश्न मराठी दस्तऐवजाच्या पहिल्या ओळीपासूनच उपस्थित होत असे. त्या वेळी दिलेल्या उत्तरावर पुढे कोणता मजकूर वाचता आला व कोणता नाही, हे ठरले.

ऑगस्ट १९८१ मध्ये आय. बी. एम. कंपनीने आपला व्यक्तिगत संगणक विक्रीस आणला व त्यासाठी मायक्रोसॉफ्ट या कंपनीने डॉस पुरविली. या यंत्रात आज्ञावलींना वापरता येणारी स्मृती जास्तीत जास्त ६४० किलोबाइट असे. पडद्याच्या दोन रीती होत्या. मजकूर-रीतीत पडदा ८० स्तंभ व २५ ओळींच्या २,००० घरांत विभागलेला असे आणि प्रत्येक घरात २५६ ठराविक चिन्हांपैकी एकच बसे. चित्र-रीतीत प्रत्येक बिंदू स्वतंत्रपणे रंगवावा लागे. १९८७ साली आलेल्या व्हीजीए पद्धतीत ६४० × ४८० बिंदू व १६ रंग मिळाले, पण असा एक पडदा जसाच्या तसा साठविण्यास १,५३,६०० बाइट लागत. त्या काळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ३६० किलोबाइटच्या फ्लॉपीवर अशी दोनच चित्रे मावत. उलट तेवढ्याच जागेत मजकुराचे दीडशेहून अधिक पडदे बसत. पीसीएक्स व १९८७ मधील जीआयएफ यांसारख्या रचनांनी चित्रे दाबून लहान करता येऊ लागली, तरी ही तफावत मोठीच राहिली.

इंग्रजी वाचक आज्ञावलींनी यावर तडजोडीचा मार्ग काढला. मजकूर मजकूर-रीतीत दाखवावयाचा, चित्राचा उल्लेख येईल तेथे खूण ठेवावयाची, वाचकाने कळ दाबली की पडदा क्षणभर काळा होऊन चित्र उमटावयाचे आणि पुन्हा कळ दाबताच मजकूर परत यावयाचा. चित्र पाहताना मजकूर दिसत नसे व मजकूर वाचताना चित्र. विश्वकोशांची वाटचाल या दृष्टीने बोलकी आहे. ग्रोलियर या प्रकाशनसंस्थेने १९८५ मध्ये सुमारे ९० लक्ष शब्दांचा विश्वकोश एका सीडीवर आणला, तो चित्रांविना. चित्रे व ध्वनी यांसह असलेला कॉम्प्टनचा विश्वकोश १९८९ मध्ये आला.

देवनागरीला ही तडजोड उपलब्धच नव्हती. २५६ चिन्हांच्या ठराविक संचात देवनागरी नव्हती, आणि मूळ अक्षरे बसविली तरी जोडाक्षरांचे शेकडो आकार बसणे अशक्य होते. शिवाय देवनागरीची ओळ तीन मजली असते: शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार, मध्ये अक्षराचा मुख्य देह, खाली उकार आणि ऋकार. आरंभीच्या सीजीए पडद्यावर मजकुराच्या एका घरास उंचीचे केवळ ८ बिंदू मिळत. त्यांत ‘र्कू’ काढावयाचा म्हटले, तर रफार, शिरोरेषा, अक्षर व दीर्घ उकार यांची एकमेकांवर गर्दी होई. व्हीजीएच्या मजकूर-रीतीत घराची उंची १६ बिंदू झाली, तेव्हा कोठे वाचनीय देवनागरीस जागा मिळाली.

महाराष्ट्रात ही अडचण केवळ हौशी लोकांपुरती नव्हती. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये २६ जानेवारी १९६५ पासून मराठी ही राज्याची राजभाषा झाली होती. मराठी टंकलेखनयंत्रे कार्यालयांत रुळली होती आणि १९८० नंतर त्यांच्या शेजारी जो संगणक येऊन बसला, त्याला मात्र मराठी येत नव्हते.

या प्रश्नाचे पहिले भक्कम उत्तर कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आर. एम. के. सिन्हा व मोहन तांबे यांच्या कामातून आले. तेथे तयार झालेल्या देवनागरी संगणक-अग्राचा नमुना १९८३ मध्ये नवी दिल्ली येथील तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात मांडण्यात आला. पुढे १९८८ मध्ये पुणे येथे प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले. हे तंत्रज्ञान तेथे ‘जिस्ट’ या नावाने वाढले. संगणकाच्या आतील खाचेत बसणारे जिस्ट कार्ड आज्ञावली व पडदा यांच्या मधोमध उभे राही. आज्ञावली पडद्याकडे संकेतांक पाठवी, कार्ड ते अडवून त्यांची जोडाक्षरे रचून दाखवी. त्यामुळे वर्डस्टार, डीबेस, लोटस यांसारख्या इंग्रजीसाठी लिहिलेल्या आज्ञावली, त्यांत काहीही बदल न करता, मराठी दाखवू लागल्या. या योजनेचे महत्त्व पडद्यावरील अक्षरापेक्षा फाइलीत काय साठते यात होते. अक्षराचा आकार कार्डात राही. फाइलीत जाई तो उच्चारक्रमाने लिहिलेला संकेत.

तो संकेत म्हणजे ‘इस्की’. १९८८ मध्ये त्याचे सुधारित रूप ठरले आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने तो आय. एस. १३१९४ या क्रमांकाने मानक म्हणून स्वीकारला. पहिल्या १२८ जागा रोमन लिपीसाठी तशाच ठेवून पुढील १२८ जागांत भारतीय लिप्यांची सामाईक वर्णमाला बसविण्यात आली. ‘क’ चा अंक १७९, हलन्ताचा २३२ व ‘ष’ चा २१४. म्हणून ‘क्ष’ साठविला जाई तो १७९, २३२, २१४ असा. दर्या व दऱ्या यांत मराठी जो भेद करते, त्याचीही सोय तीत होती. समुद्राचा वाचक असलेला ‘दर्या’ आणि शहापूर-मुरबाडकडील सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ यांतील रकार वेगळे आहेत. दुसऱ्यासाठी ‘ऱ’ या निराळ्या वर्णाचा अंक, २०८, वापरून त्यास हलन्त जोडता येई. हिंदीला या वर्णाची गरज नाही. अखिल भारतीय मानकात मराठीच्या पदरी पडलेली ही गोष्ट लहान असली, तरी मोलाची आहे.

हीच फाइल जिस्ट कार्ड नसलेल्या संगणकावर उघडली, तर विचित्र दृश्य दिसे. आय. बी. एम.च्या मूळ चिन्हसंचात याच जागी चौकटी आखण्याच्या रेषा व काही ग्रीक अक्षरे होती. ‘क्ष’ च्या ऐवजी एक उभी रेषा, ‘फाय’ हे ग्रीक अक्षर व चौकटीचा एक कोपरा दिसे. संपूर्ण पान म्हणजे जणू मोडक्या खिडक्यांची रास. मजकूर नष्ट झालेला नसे, परंतु हे माहीत नसलेल्या माणसाने फ्लॉपी खराब समजून टाकून दिली, तर त्याला दोष देता येणार नाही.

जिस्ट कार्डाची सेवा मुख्यतः मजकूर-रीतीपुरती होती. आज्ञावली चित्र-रीतीत शिरली की स्वतःच बिंदू रंगवू लागे आणि कार्डाला अडविण्यासारखे संकेतांक उरत नसत. परिणामी चित्राखालील मराठी ओळ, नकाशातील गावांची नावे, आकृतीतील निर्देश हे सर्व चित्राचाच भाग म्हणून रेखाटावे लागे. इंग्रजीत चित्र व मजकूर एका पडद्यावर येत नसत ही उणीव होती. मराठीत ते एकत्र आणता येत, पण त्यासाठी मजकुराला मजकूरपण सोडावे लागे. अशा पानावर ‘भातसा’ हा शब्द डोळ्यांना दिसे, शोधणाऱ्या आज्ञावलीला तो सापडत नसे.

या विभागणीचा खरा परिणाम ज्या दस्तऐवजात सर्वांत अधिक जाणवतो, तो म्हणजे जमिनीचा अभिलेख. शहापूर तालुक्यातील शेणवा यासारख्या गावात शेतकऱ्याचा हक्क दोन कागदांवर उभा असतो: सातबाराचा उतारा आणि गावनकाशा. पहिल्यात नाव, गट क्रमांक, क्षेत्र, पीक. दुसऱ्यात बांधाची आखणी. एकाशिवाय दुसरा अपुरा. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. महाराष्ट्रातून त्यासाठी वर्धा जिल्हा निवडलेला होता. त्या योजनेचा भर मजकुरावर होता. संकेतांकांनी लिहिता येणारा सातबारा संगणकात जाऊ शकला, चित्र असलेला नकाशा अभिलेख कक्षातच राहिला. नकाशांच्या अंकीकरणासह समग्र कार्यक्रम देशपातळीवर आला तो २००८ मध्ये. दरम्यानची दोन दशके उतारा व नकाशा निरनिराळ्या काळांत वावरत होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

छपाईच्या व्यवसायात याच सुमारास वेगळी वाट निघाली. विंडोज ही चित्र-रीतीतच चालणारी प्रणाली रूढ झाल्यावर देवनागरी दाखविण्यास कार्डाची गरज उरली नाही, फॉन्ट पुरेसा झाला. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, बंगलोरची आकृती, सी-डॅकचेच आयएसएम व लीप ऑफिस यांनी मराठी मुद्रण सुंदर व स्वस्त केले. मात्र एका फॉन्टात जेमतेम दोनशे जागा असल्याने अक्षरांचे तुकडे करून ते त्या जागांत भरण्यात आले, आणि कोणता तुकडा कोणत्या जागी हे प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने ठरविले. ‘शिक्षण’ या शब्दात वेलांटी आधी साठविली गेली व ‘श’ नंतर, कारण कागदावर ती आधी दिसते. एका फॉन्टात लिहिलेला लेख दुसऱ्यात उघडला की त्याची रोमन वा देवनागरी खिचडी होई, हा अनुभव त्या पिढीतील बहुतेक मराठी संपादकांनी घेतला आहे.

जून १९९३ मध्ये अडोबी कंपनीने ॲक्रोबॅट ही आज्ञावली व तिची पीडीएफ ही दस्तऐवजाची रचना प्रसिद्ध केली. तिचे वाचक रूप डॉससाठीही निघाले. डॉसच्या आज्ञा-ओळीवरून ते सुरू करावे, सूचीतून आठ अक्षरांत कोंबलेल्या रोमन नावाची फाइल निवडावी, की मजकूर, चित्र व आकृती असलेले छापील पान जसेच्या तसे पडद्यावर येई. कळ दाबून मजकुरातून चित्रात उडी मारण्याचे काम संपले. तरी वाचन सुखाचे नव्हते. ए-४ आकाराचे संपूर्ण पान ४८० बिंदूंच्या उंचीत बसविले, तर १० पॉइंटच्या अक्षरास सहाहून कमी बिंदू मिळत. रोमन अक्षर तेवढ्यात ओळखू तरी येते. देवनागरीत शिरोरेषेखेरीज काही उरत नाही. पान पडद्याच्या रुंदीस जुळविले की अक्षरास सुमारे ११ बिंदू मिळत, पण मग एका वेळी अर्धेच पान दिसे आणि चित्र खालच्या अर्ध्यात असेल, तर पाने नव्हे, अर्धपाने उलटावी लागत.

मराठीच्या दृष्टीने या रचनेत एक मोठा लाभ व एक मोठी खोट होती. फॉन्ट फाइलीच्या आतच भरून पाठविता येत असल्याने, जिस्ट कार्ड किंवा श्री-लिपी यांचा मागमूस नसलेल्या संगणकावरही मराठी पान शुद्ध दिसू शके. फॉन्ट भरण्यास विसरले, तर त्याच्या जागी मिळतीजुळती अक्षरे घडविण्याची सोय वाचकात होती, पण ती रोमन अक्षरांची. मराठी वाचकाच्या हाती निरर्थक रोमन ओळी येत. खोट अशी, की दिसणारे आकार व त्यांमागचे वर्ण यांचा संबंध फाइलीत नोंदलेला नसे. हा संबंध युनिकोडद्वारे नोंदण्याची तरतूद रचनेच्या १९९६ मधील आवृत्तीत झाली. जुन्या मराठी पीडीएफमधून एखादे वाक्य उचलून दुसरीकडे ठेवले असता अजूनही रोमन अक्षरांचा कचरा हाती येतो, याचे कारण हेच.

१९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरून घेतली. त्यामुळे इस्कीत साठविलेला मजकूर युनिकोडमध्ये नेण्यास प्रायः एक छोटी सारणी पुरते, तर फॉन्टात अडकलेल्या मजकुरासाठी फॉन्टागणिक निराळा परिवर्तक लिहावा लागतो. विंडोज २००० बरोबर मुंबईचे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ हा फॉन्ट आला व युनिकोड मराठी सर्वसामान्य संगणकावर पोहोचली. आधी दिसण्यात गरीब असलेला १९८० च्या दशकातील जिस्टचा मजकूर अशा रीतीने नंतरच्या देखण्या पानांपेक्षा अधिक काळ वाचनीय राहिला. सातबाराही २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीसह पीडीएफ रूपात मिळू लागला.

डॉसची स्वतंत्र विक्रीची शेवटची आवृत्ती, ६.२२, १९९४ मध्ये निघाली. जुन्या कार्डांसाठी असलेल्या खाचा २००० नंतर नव्या संगणकांतून नाहीशा झाल्या. २००२ पासून उपलब्ध असलेल्या डॉसबॉक्स या आज्ञावलीत जुना संगणक, व्हीजीए पडदा व ध्वनी कार्ड यांची हुबेहूब नक्कल होते आणि त्या काळातील इंग्रजी सचित्र दस्तऐवज तीत पुन्हा पाहता येतात. जिस्ट कार्डाची नक्कल तीत नाही. तेथे उघडलेल्या इस्की फाइलीत ‘क्ष’ अद्यापि उभी रेषा, फाय व कोपरा असाच दिसतो आणि तो वाचण्यासाठी १७९, २३२, २१४ हे अंक सारणीत शोधावे लागतात.