विश्वचषक आणि बखिताच्या नावाची प्रार्थना

क्रीडास्पर्धांच्या काळात मानवी तस्करीच्या बळींसाठी सामुदायिक प्रार्थना करण्याची प्रथा अलीकडची आहे आणि ती रुजवण्यात कॅथलिक धर्मभगिनींचा, म्हणजे अविवाहित राहून सेवाव्रत घेतलेल्या स्त्रियांचा, वाटा मोठा आहे. २००६ साली जर्मनीत फुटबॉलचा विश्वचषक भरला, तेव्हा ४०,००० स्त्रियांना देहविक्रयासाठी तेथे आणले जाणार असल्याचा आकडा युरोपभर पसरला; प्रत्यक्षात स्पर्धेशी थेट जोडता येतील अशी अवघी ५ प्रकरणे जर्मन पोलिसांना आढळली, तरीही २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील स्पर्धेपूर्वी तोच आकडा पुन्हा पुढे आला. अशा अतिशयोक्तीने बळींचेच नुकसान होते, कारण आकडा खोटा ठरला की खऱ्या पाच प्रकरणांकडेही पाठ फिरवली जाते.

२०१४ च्या ब्राझील विश्वचषकापूर्वी, धर्मभगिनींच्या ‘तालिथा कूम’ या २००९ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय जाळ्याने ‘जीवनाच्या बाजूने खेळा’ ही मोहीम व्हॅटिकनमधून जाहीर केली आणि तीत प्रार्थनेच्या जोडीला तस्करीची तक्रार नोंदवण्याचे आवाहनही केले. पुढच्याच वर्षापासून ८ फेब्रुवारी हा संत जोसेफिन बखिताचा स्मृतिदिन तस्करीविरोधी प्रार्थनादिन म्हणून पाळला जाऊ लागला.

ही निवड सर्वार्थाने योग्य होती. सुदानच्या दार्फुर भागातून लहानपणीच पळवली गेलेली बखिता अनेकदा विकली गेली, एका मालकाच्या घरी तिच्या अंगावर वस्तऱ्याने नक्षी कोरून जखमांत मीठ चोळण्यात आले, आणि सोसलेल्या भयापोटी ती स्वतःचे जन्मनावही विसरली. इटलीत आल्यावर मालकिणीने तिला आफ्रिकेला परत नेण्याचा हट्ट धरला, तेव्हा तिने जाण्यास ठाम नकार दिला. २९ नोव्हेंबर १८८९ रोजी व्हेनिसच्या न्यायालयाने ती स्वतंत्र असल्याचा निर्णय दिला. पुढे ती कनोसा संघात धर्मभगिनी झाली. मुंबईत माहीमची कनोसा शाळा याच संघाची आहे.

बखिताची कहाणी घरकामाच्या गुलामगिरीचीही आहे, म्हणूनच ती २००६ च्या चर्चेपेक्षा व्यापक ठरते. त्या चर्चेत तस्करी म्हणजे देहविक्रय एवढेच समीकरण होते, तर २००० सालच्या तस्करीविरोधी पालेर्मो करारानुसार शोषणासाठी फसवून वा धाक घालून मजूर नेणे हेही तस्करीतच मोडते. कतारमध्ये २०२२ च्या विश्वचषकाची मैदाने उभारणाऱ्यांत नेपाळी व भारतीय मजूर मोठ्या संख्येने होते. दलालांचे कर्ज डोक्यावर आणि पासपोर्ट मालकाच्या ताब्यात, अशा स्थितीत अनेकांनी काम केले. परदेशी मजुराला मालकाशी बांधून ठेवणाऱ्या ‘कफाला’ पद्धतीतील नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या परवानगीची अट कतारने २०२० मध्ये काढली, पण तोवर काही मैदाने बांधून पूर्णही झाली होती.