सीप्झच्या भिंतीच्या दोन बाजू

मरोळ नाक्यावरून सीप्झकडे जाताना काचेच्या इमारती दिसतात आणि कुणीतरी म्हणतंच, "आयटी आली अन् एमआयडीसी गेली." मला हे अर्धंच खरं वाटतं. आज धंद्यात सगळीकडे चालणारी ईआरपी नावाची गोष्ट मुळात कारखान्याच्या स्टोअरमधूनच निघालीय.

मी मरोळ एमआयडीसीत स्टोअर सांभाळलंय, म्हणून तिथलंच सांगतो. प्रत्येक रॅकला बिन कार्ड लटकवलेलं. आवक, जावक, शिल्लक. खरेदीवाल्याचं रजिस्टर वेगळं, अकाउंट्सची खतावणी वेगळी, सुपरवायझरची डायरी त्याच्या खिशात. एकाच बेअरिंगचे चार आकडे, आणि मार्चमध्ये स्टॉक मोजायला घेतला की चौघांची जुंपायची. ईआरपी म्हणजे एंटरप्राइझ रिसोर्स प्लॅनिंग. नाव भारदस्त, पण गाभा एवढाच: नोंद एकदाच करायची आणि सगळ्यांनी तीच बघायची. गेटवर माल उतरवून घेतला की स्टोअरचा साठा वाढतो, खरेदीची ऑर्डर पुरी होते, अकाउंट्सला देणं दिसतं.

याची सुरुवात अमेरिकेत. १९६४ साली जोसेफ ऑर्लिकी यांनी एमआरपी मांडली. किती यंत्रं करायची ते ठरलं की त्यावरून मागे मागे मोजत जायचं, स्क्रू किती आणि कधी मागवायचे. १९७२ साली जर्मनीत आयबीएम सोडलेल्या पाच इंजिनिअरांनी सॅप काढली. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, आपल्या शेजारी सीप्झ उभं राहिलं, इलेक्ट्रॉनिक्स निर्यातीसाठी. १९७७ पासून तिथे टाटा बरोज होती. ईआरपी हे नाव गार्टनरने १९९० साली दिलं, सॅपचं आर/३ आलं १९९२ मध्ये. म्हणजे भिंतीच्या त्या बाजूला आपली पोरं परदेशी कंपन्यांसाठी प्रोग्रॅम लिहीत होती आणि या बाजूला आम्ही कार्बन घालून चलन फाडत होतो!

पण कॉम्प्युटर आला म्हणजे आकडा खरा झाला, असं नाही. हर्शी या अमेरिकी चॉकलेट कंपनीने १९९९ साली ऐन सणाच्या तोंडावर नवी सिस्टिम सुरू केली. माल गोदामात होता, पण काही जागांची नोंदच सिस्टिममध्ये नव्हती. १० कोटी डॉलरच्या आसपासच्या ऑर्डरी वेळेवर गेल्या नाहीत. आमच्याकडे जुना स्टोअरकीपर हातात वही न धरता सांगायचा, "ते मागच्या माळ्यावर आहे." असा माणूस आधी घरी पाठवायचा आणि मग डेटा भरायला बसायचं, हा उलटा कारभार मी एका कारखान्यात बघितलाय. सहा महिने कुणालाच काही सापडत नव्हतं.

आता हे फक्त कारखान्यापुरतं राहिलेलं नाही. मुंबई महापालिकेनेही आपला कारभार सॅपवर आणला. के पूर्व वॉर्डातले आपण सगळे तिथल्या नोंदीत आहोत. २०१४ मध्ये पालिकेच्या ई-निविदांचा घोटाळा गाजला. ठरावीक ठेकेदारांना कामं मिळावीत म्हणून निविदा भलत्या वेळी, थोडाच वेळ खुल्या ठेवल्याचा आरोप होता. निविदा ऑनलाइन झाल्या, पण खिडकी कधी उघडायची हे ठरवणारा माणूसच होता. नगरसेवकाला प्रश्न विचारायचाच असेल तर "सिस्टिम कुठली घेतली" यापेक्षा "चावी कुणाकडे" हा विचारा.

एमआयडीसीतल्या छोट्या गाळेवाल्यांनी हे सगळं लांबूनच बघितलं, टॅलीवर भागवलं. २०१७ मध्ये जीएसटी आला, १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालं. बिल आता सरकारी पोर्टलवरून नंबर घेऊनच बाहेर पडतं. बड्या गिऱ्हाइकाचं पोर्टल वेगळंच, त्यात दिलेल्या तारखेला माल पोचला नाही तर रेटिंग खाली. दहा माणसांच्या गाळ्यात ही भरभर कोण करणार? बहुतेक ठिकाणी मालकाची मुलगी किंवा सून, रात्री घरी लॅपटॉपवर. तिचा पगार कुठल्याच सिस्टिममध्ये दिसत नाही.

सत्तर-ऐंशीच्या दशकात सीप्झ किंवा एमआयडीसीत स्टोअर, टाइम ऑफिस, अकाउंट्समध्ये काम केलेलं कुणी घरात असेल तर खाली लिहा. जुनी बिन कार्डं असतील तर रद्दीत घालू नका, फोटो टाका.