खिडकीच्या आत की बाहेर? गुंडाळी पडद्याच्या सुधारणांचा इतिहास

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, सर, तत्त्वज्ञानाचा माणूस पडद्यावर काय बोलणार? शंका रास्त आहे. न्यायदर्शनात सोळा पदार्थ सांगितले आहेत, त्यातला चौथा आहे 'प्रयोजन'. कशासाठी, हे ठरल्याशिवाय विचार पुढे सरकत नाही. 'सुधारणा' हा शब्द आपण रोज वापरतो. सुधारलेली शेगडी, सुधारलेलं बियाणं, सुधारलेला पडदा. पण एखादी वस्तू सुधारली असं म्हणायचं, तर ती कशासाठी आहे हे आधी सांगावं लागतं. प्रयोजन बदललं की कालची सुधारणा आज अडचण होते. खिडकीवरच्या गुंडाळी पडद्याचा, म्हणजे दुकानदार ज्याला रोलर ब्लाइंड म्हणतात त्याचा, इतिहास याच दृष्टीने पाहायचा आहे.

सुरुवात आपल्या गावापासून करू. बीबी का मकबरा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. सतराव्या शतकातली, १६६०च्या सुमारास पूर्ण झालेली वास्तू. तिथल्या दगडी जाळ्या नक्षी म्हणून आपण बघतो, पण जाळी हे एक यंत्रच आहे. ऊन तुकड्या-तुकड्यांनी आत घ्यायचं, वारा मात्र वाहू द्यायचा, आतून बाहेरचं दिसावं आणि बाहेरून आतलं दिसू नये, अशी तीन कामं ती एकाच वेळी करते. तिच्यात एकच उणीव आहे. ती हलत नाही. थंडीच्या सकाळी ऊन हवंसं वाटलं, तरी जाळी बाजूला करता येत नाही.

हलणारी वस्तू म्हणजे चिकाचा पडदा. बांबूच्या किंवा बोरूच्या बारीक काड्या दोऱ्याने विणलेल्या. बांबूचं काम आपल्याकडे बुरूड समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केलं. सूप, टोपली, तट्ट्या आणि चिक हे एकाच हातातले प्रकार. आता या चिकाची रचना नीट बघा. तो खालून वर गुंडाळला जातो. दोरीचं एक टोक वरच्या पट्टीला, चिकाच्या मागच्या बाजूने बांधलेलं असतं. तिथून दोरी खाली येते, गुंडाळीच्या बुडाखालून वळते, समोरून वर जाते आणि कप्पीवरून आपल्या हातात येते. म्हणजे गुंडाळी स्वतःच एक सरकती कप्पी होते. दोन हात दोरी ओढली की चिक एक हात वर जातो, आणि घर्षण सोडलं तर निम्म्याच जोरात जातो. शाळेत जी सरकती कप्पी आकृती काढून शिकवतात, ती आपल्या ओसरीत टांगलेली होती. पण याची एक किंमत आहे. चिक पूर्ण वर गेला की त्याच्या उंचीच्या दुप्पट दोरी खाली लोंबत राहते. ही दोरी लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

याच कुळातला दुसरा प्रकार वाळ्याच्या पडद्याचा. ऐन-ए-अकबरीत त्याचा उल्लेख येतो. वाळ्याची मुळं चौकटीत बसवायची, दारा-खिडकीला लावायची आणि त्यावर पाणी शिंपडत राहायचं. कोरडा गरम वारा ओल्या मुळांतून आला की पाण्याची वाफ होते, वाफ व्हायला लागणारी उष्णता हवेतून घेतली जाते, आणि खोलीत गार वारा येतो. इंग्रजांच्या छावण्यांतही हेच चाले. फक्त पाणी शिंपडणारा माणूस भर उन्हात बाहेर उभा असे. आज आपल्या घराघरांत जो कूलर आहे, तो या वाळ्याच्या पडद्याचाच वंशज. माणसाच्या जागी पंप आला आणि वाऱ्याच्या जागी पंखा. आपल्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, आणि त्या पाण्यातलं काही कूलरला घालावं लागतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता दूर जाऊ. अमेरिकेत १८६४ साली स्ट्युअर्ट हार्टशॉर्न नावाच्या तरुणाला स्प्रिंगच्या गुंडाळी पडद्याचं पेटंट मिळालं. त्यापूर्वीही लाकडी दांडीवर कापड गुंडाळून पडदे करत, पण ते दोरीने चढवावे लागत आणि दोरी खुंटीला बांधून ठेवावी लागे. हार्टशॉर्नने दांडी पोकळ केली आणि आत स्प्रिंग बसवली. पडदा खाली ओढला की स्प्रिंग पिळली जाते, सोडला की तीच त्याला वर नेते. इथे एक नैसर्गिक जुळणी आहे. पडदा जितका खाली, तितकं लोंबतं वजन जास्त, आणि तितकीच स्प्रिंगही जास्त पिळलेली. पण खरी अडचण पुढे होती. पडदा मध्येच थांबवायचा कसा?

त्याचं उत्तर फार सुंदर आहे. दांडीच्या टोकाला खाचांची एक चकती, आणि तिच्याशी सैल बसवलेली लहानशी खिटी. दांडी हळू फिरत असली की खिटी आपल्या वजनाने खाचेत पडते आणि पडदा थांबतो. किंचित खाली हिसका देऊन सोडलं की खिटी सुटते, दांडी वेगाने फिरू लागते, आणि त्या वेगाने खिटी बाहेर फेकलेलीच राहते, खाचेत पडू शकत नाही. म्हणजे हात हळू असला तर थांब, हात चपळ असला तर चल. बटण नाही, कळ नाही, दोरी नाही. हाताचा वेग हीच आज्ञा. यातून हार्टशॉर्नने इतका पैसा मिळवला, की पुढे न्यू जर्सीत त्याने शॉर्ट हिल्स नावाची वसाहतच वसवली.

दोषही होते. स्प्रिंग जास्त पिळलेली असली की पडदा हातातून निसटून धाडकन वर जायचा. सैल पडली की अर्ध्यावर लोंबायचा, मग दांडी काढून हाताने पीळ द्यायचा. हा दोष घालवायला पुढे मण्यांच्या साखळीचा पडदा आला. आज कार्यालयांत आणि दवाखान्यांत बहुधा तोच दिसतो. त्यात एका स्थिर गाभ्याभोवती स्प्रिंग घट्ट बसवलेली असते. पडद्याचं वजन तिला आणखी आवळतं, म्हणून पडदा घसरत नाही. साखळी ओढली की तीच स्प्रिंग सैल होते. ओझंच ब्रेक दाबतं, असं म्हणा ना. पडदा हवा तिथे थांबू लागला, आवाज गेला, दांडी काढून पीळ देणं गेलं. साखळीचा गोल फास मात्र खिडकीशेजारी कायमचा लोंबू लागला.

आणि इथे इतिहास गंभीर होतो. खिडकीजवळ पलंग असतो, पाळणा असतो. रांगणारं, नुकतं उभं राहणारं मूल दोरीशी खेळतं. मान फासात गेली की ओरडायलाही वेळ मिळत नाही. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या म्हणण्यानुसार तिथे पाच वर्षांपर्यंतची सरासरी नऊ मुलं दरवर्षी खिडकीच्या पडद्यांच्या दोऱ्यांत अडकून दगावत. १९९०च्या दशकात उपाय निघाला, की दोरीचा फास कापून दोन सुटी टोकं करायची. मग लक्षात आलं, की पट्ट्यांच्या आतून जाणारी दोरीही बाहेर ओढली जाऊन फास होतो. २००० साली साडेआठ कोटी पडद्यांची दुरुस्ती जाहीर झाली. डिसेंबर २००९मध्ये पाच कोटींहून अधिक पडदे परत दुरुस्तीच्या यादीत आले, आणि त्यांत कापडी घड्यांच्या पडद्यांबरोबर खालून वर गुंडाळले जाणारे पडदेही होते. म्हणजे आपल्या चिकाचेच भाऊबंद. शेवटी २०१८च्या मानकाने सांगितलं, की दुकानात तयार विकल्या जाणाऱ्या पडद्याला हाताशी येणारी लोंबती दोरी नसावी.

आता गंमत बघा. किंवा गंमत म्हणू नये, बोध म्हणू. १८६४चा हार्टशॉर्नचा पडदा फासाविनाच होता. दीडशे वर्षांनी सुरक्षिततेच्या नावाखाली कारखाने पुन्हा स्प्रिंगकडे वळले. मधल्या सुधारकांना अक्कल नव्हती असं नाही. त्यांच्यापुढे प्रयोजन होतं सोयीचं, आणि वापरणारा म्हणून त्यांच्या डोळ्यांपुढे उभा होता प्रौढ माणूस. त्या खोलीत राहणारं दीड वर्षाचं मूल त्यांच्या विचारात वापरणारा म्हणून आलंच नाही. वस्तू कुणासाठी, या प्रश्नात कुणाला धरलं नाही हे शोधणं, हे सुधारणेतलं सगळ्यात अवघड काम आहे.

आता दुसरा प्रश्न, जो आपल्या जास्त जवळचा. हार्टशॉर्नच्या पडद्याचं प्रयोजन काय होतं? काचेची खिडकी बंद आहे, बाहेर थंडी आहे, उजेड कमी-जास्त करायचा आहे आणि रस्त्यावरून आतलं दिसू नये. या कामाला तो चोख. आपल्या इथे मे महिन्यात खिडकीपुढे काम कोणतं असतं? उष्णता थांबवणं आणि वारा घेणं. या दोन्ही कामांत तो कमी पडतो.

का ते सांगतो. ऊन काचेतून आत येतं आणि पडद्यावर पडतं. पांढरा पडदा त्यातलं काही परत काचेबाहेर पाठवतो. उरलेलं पडद्यात मुरतं, पडदा तापतो. तापलेल्या पडद्याची उष्णता मात्र काचेतून सहज परत जात नाही, ती खोलीतच राहते. म्हणजे डोळ्याला सावली मिळते, अंगाला उकाडा. तोच पडदा काचेच्या बाहेर असता, तर तापला असता तरी ती उष्णता बाहेरच्या वाऱ्याने नेली असती. राहिला वारा. खिडकी उघडली की सलग कापडाचा पडदा शिडासारखा फुगतो, आदळतो, आणि खाली असेल तेव्हा वाराच अडवतो. चिकाच्या काड्यांमधल्या फटी या दोन्ही अडचणी आधीच सोडवून बसल्या होत्या.

हे आपल्या देशात कुणी ओळखलं नव्हतं असं नाही. पुदुच्चेरीच्या गोलकोंड वसतिगृहात अँतोनिन रेमंड यांनी १९३०-४०च्या दशकांत काचेची खिडकीच ठेवली नाही, दर्शनी भिंतभर हलत्या आडव्या पट्ट्या बसवल्या. अहमदाबादला गिरणी मालक संघाच्या इमारतीत ल कॉर्ब्युझिए यांनी पश्चिमेच्या बाजूला काँक्रीटचे तिरपे पडदे उभे केले. मुंबईत चार्ल्स कोरिया यांनी १९८३च्या कांचनजंगा इमारतीत अडचण नेमकी मांडली. वारा आणि समुद्र ज्या दिशेला, ऊन आणि पाऊसही त्याच दिशेने. उत्तर त्यांनी जुन्या बंगल्याच्या व्हरांड्यातून घेतलं, खोली आत ढकलली आणि पुढे खोल गच्ची ठेवली. तिन्ही ठिकाणी सावली भिंतीच्या बाहेर आहे.

पण व्हरांडा द्यायला जागा लागते. इथे पुंडलिकनगरात आणि आसपासच्या वस्त्यांत वीस बाय तीसचे प्लॉट. घराला घर लागून. खिडकी उघडणार ती रस्त्याच्याच बाजूला. रस्ता पश्चिमेला असला, तर खिडकी पश्चिमेला. आपलं शहर साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते. त्या वेळी खिडकीवरचा दीड-दोन फुटांचा सज्जा पुरतो. साडेचार-पाचला मात्र ऊन तिरपं होऊन सज्ज्याखालून सरळ आत येतं, आणि तेव्हा ते सज्जाच्या हातात राहत नाही. शाळेतून आलेली मुलं, आजारी म्हातारी माणसं, घरी बसून शिवणकाम करणारी बाई, ही सगळी त्याच वेळी त्या खोलीत असतात. वरचा स्लॅब तापलेला असतो तो वेगळाच.

लोक काय करतात? इथून घरी जाताना मान वर करून पाहा. खिडकीच्या ग्रीलला रोपवाटिकेतली हिरवी जाळी बांधलेली दिसेल. कुठे ओलं गोणपाट, कुठे जुनी साडी. आपण त्याला गबाळेपणा म्हणतो. पण प्रयोजनाने बघितलं तर हिरवी जाळी बाहेर आहे, वारा घेते, ऊन तोडते, स्वस्त आहे. शोभेच्या महागड्या रोलर ब्लाइंडपेक्षा उष्णतेच्या कामात तिची जागा बरोबर आहे. तिच्यात उणीव तीच, जी मकबऱ्याच्या जाळीत होती. ती हलत नाही. पावसाळ्यातल्या अंधाऱ्या दिवशीही ती उजेड अडवत बसते.

मग सुधारलेला पडदा कसा असावा? इतिहासाने आपल्याला चारही तुकडे देऊन ठेवले आहेत. जागा काचेच्या बाहेर, जिथे हिरवी जाळी आहे. पोत चिकासारखा, फटी असलेला. चढ-उतार हार्टशॉर्नच्या स्प्रिंगने, म्हणजे मुलाच्या हाताला फास लागणार नाही. आणि दोन्ही कडांना पन्हाळी, म्हणजे पडदा वादळी वाऱ्यात आदळणार नाही. खिडकीबाहेर ग्रील असतेच, ग्रील आणि काच यांमध्ये ही दांडी बसू शकते. धूळ आणि पाऊस स्प्रिंगला लागणार, म्हणून वर पत्र्याचं झाकण हवं. यातलं एकही काम आपल्या फॅब्रिकेशनवाल्याला किंवा बांबूत काम करणाऱ्या कारागिराला न जमणारं नाही.

प्रश्न उरतो पैशांचा. खिडकी ठरवतो घर बांधणारा, आणि उकाडा सोसतो भाडेकरू. बांधणाऱ्याच्या हिशेबात पडदा येत नाही, आणि भाडेकरू दुसऱ्याच्या भिंतीला भोक पाडू शकत नाही. म्हणून तो हिरवी जाळी सुतळीने बांधतो. नवीन घर बांधणारे कुणी आज इथे किंवा ऑनलाइन ऐकत असतील, तर त्यांना एवढंच सांगणं, की नकाशा काढून घेतानाच पश्चिमेच्या प्रत्येक खिडकीच्या बाहेर पडद्यासाठी चार-सहा इंच जागा आणि दोन खिळवण्या मागून घ्या. आणि ज्यांच्या घरात साखळीचे पडदे आणि लहान मूल दोन्ही आहेत, त्यांनी आज घरी गेल्यावर ती साखळी ताणून भिंतीला पक्की बसवून टाकावी आणि पाळणा खिडकीपासून दूर सरकवावा. सुधारित पडदा येईल तेव्हा येईल, हे काम आज होऊ शकतं.

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.