तुलनेचा आधार : श्वसनविषाणूंच्या चाचण्या आणि बंगळूर

मार्च 2020 मध्ये कलबुर्गी येथील एका 76 वर्षांच्या वृद्ध रुग्णाचा नमुना तपासणीसाठी सुमारे सहाशे किलोमीटरवरील बंगळूरच्या प्रयोगशाळेत पाठविण्यात आला. 10 मार्चला रुग्णाचा मृत्यू झाला. निदान निश्चित झाले ते 12 मार्चला. कोविडमुळे झालेला भारतातील पहिला मृत्यू म्हणून त्याची नोंद आहे. अहवाल अचूक होता, पण तो मृत्यूनंतर आला. चाचण्यांची तुलना करताना अचूकतेइतकाच काळ आणि अंतर यांचाही विचार करावा लागतो, हे या घटनेवरून ध्यानात येते.

1918 च्या साथीत, जी म्हैसूर संस्थानानेही भोगली, तुलना करण्याजोग्या चाचण्याच नव्हत्या. रिचर्ड फायफर यांनी 1892 मध्ये वर्णिलेला जिवाणू हेच इन्फ्लुएन्झाचे कारण, अशी तेव्हा बहुतांची धारणा होती. म्हणून प्रयोगशाळा शोधत होत्या ते चुकीच्याच गोष्टीला. मानवी इन्फ्लुएन्झाचा विषाणू स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी 1933 मध्ये फेरेट या प्राण्याच्या साहाय्याने वेगळा केला. पुढे कोंबडीच्या गर्भधारक अंड्यांत विषाणू वाढविण्याची पद्धत रूढ झाली, आणि 1941 मध्ये जॉर्ज हर्स्ट यांना आढळले की हा विषाणू कोंबडीच्या रक्तपेशींच्या गुठळ्या करतो. त्यावर आधारलेल्या रक्तद्रव्याच्या चाचणीला एकाच रुग्णाचे दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने घेतलेले दोन नमुने लागत. निदान होई तेव्हा रुग्ण एक तर बरा झालेला असे किंवा दगावलेला. ही चाचणी इतिहासकाराच्या उपयोगाची, वैद्याच्या नव्हे, असे म्हटले तर ते फारसे अन्यायाचे होणार नाही.

कॅरी मलिस यांनी 1983 मध्ये कल्पिलेल्या पीसीआर तंत्राने विषाणूच्या जनुकीय अंशाच्या असंख्य प्रती काढणे शक्य केले. येथेच तुलनेचा खरा प्रश्न उभा राहतो. पूर्वी पेशींत वा अंड्यांत विषाणू वाढवून दाखविणे हेच प्रमाण मानले जाई. पीसीआरची पारख या प्रमाणाशी केली, तेव्हा नव्या चाचणीला काही नमुन्यांत विषाणू ‘अधिक’ सापडला. तो नवीचा दोष की जुनीची उणीव? जुनीलाच प्रमाण मानले तर नवीचे प्रत्येक अधिक दर्शन चूक ठरते. एका भाषेतील साहित्याला मानदंड कल्पून दुसऱ्यातील वैशिष्ट्यांना वैगुण्य ठरविण्याचा प्रमाद तौलनिक साहित्याभ्यासालाही अपरिचित नाही. कालांतराने पीसीआर स्वतःच प्रमाण झाली आणि प्रतिजन चाचणीची पारख तिच्याशी होऊ लागली.

14 जून 2020 रोजी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पहिल्या जलद प्रतिजन चाचणीला मान्यता देताना तिची संवेदनशीलता 50.6 ते 84 टक्के आणि विशिष्टता 99.3 ते 100 टक्के असल्याचे नमूद केले. अर्थ उघड आहे : ‘होय’ या उत्तरावर भरवसा ठेवावा, ‘नाही’ या उत्तरावर नव्हे. म्हणूनच लक्षणे असूनही चाचणी निगेटिव्ह आल्यास पीसीआर बंधनकारक होती. मात्र पीसीआरला मृत विषाणूचे अवशेषही सापडतात, त्यामुळे संसर्गक्षमता ओसरल्यावरही ती पॉझिटिव्ह राहू शकते. ‘रुग्णाला बाधा झाली होती काय’ आणि ‘तो आज इतरांना बाधा देईल काय’ हे दोन भिन्न प्रश्न आहेत, आणि दुसऱ्या प्रश्नापुरती ‘दुबळी’ प्रतिजन चाचणी कधीकधी अधिक समर्पक उत्तर देते.

बंगळूरचे आणखी एक योगदान येथे नोंदविले पाहिजे. बिगटेक लॅब्ज या तेथील संस्थेने विकसित केलेले आणि गोव्यातील मोलबायोने निर्मिलेले ‘ट्रूनॅट’ हे बॅटरीवर चालणारे यंत्र मूळचे क्षयरोगासाठीचे. 2020 मध्ये ते कोविडसाठी वापरले गेले. एका वेळी मोजकेच नमुने तपासणारे हे यंत्र महानगरी प्रयोगशाळेच्या तुलनेत मंद वाटते. पण तालुक्याच्या रुग्णालयात नमुन्याचा प्रवासच वाचत असल्याने तेच वेगवान ठरते. कलबुर्गीच्या उदाहरणात उणीव होती ती याच अंतराच्या बाबतीत.

भाषेनेही या चाचण्यांचे वाचन आपापल्या परीने केले. मराठीने ‘विष’ घेऊन ‘विषाणू’ केला. कन्नडने ‘वैराणु’ म्हणताना मूळ इंग्रजी ध्वनी राखून त्यात वैरही आणले. पॉझिटिव्ह व्यक्ती मराठीत ‘बाधित’ झाली, ज्या शब्दामागे भूतबाधेची जुनी छाया आहे. कन्नडमध्ये ती ‘सोंकित’ झाली, आणि ‘सोंकु’ या शब्दात स्पर्शाचा अर्थ आहे. प्रयोगशाळेचे विधान मात्र व्यक्तीविषयी नसतेच. अमुक दिवशी घेतलेल्या अमुक नमुन्यात अमुक अंश आढळला वा आढळला नाही, एवढेच ते सांगते. नमुना बरोबर घेतला गेला होता की नाही, याविषयी अहवाल बहुधा मौनच पाळतो.