पुरानंतरचा किल्ला

चपला दिंडी दरवाजातच काढा. चौकात चिखल कालवणं सुरू आहे, त्यात चप्पल रुतली तर शोधून द्यायला इथं कुणालाच वेळ नाही.

पुणे, शनिवार पेठ, नोव्हेंबर १९६१चा पहिला आठवडा. सहामाही परीक्षा संपली आहे आणि वसुबारस तोंडावर आली आहे. ओंकारेश्वराच्या बाजूचा हा वाडा पुढून धड दिसतो, पण चौक ओलांडलात की मागची पडवी आणि तिच्यावरची माडी नाही. तिथं मातीचा ढिगारा आहे आणि त्यातून दोन तुळया वर आल्या आहेत. उरलेल्या भिंतींवर, तुमचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, एक मातकट रेघ आहे. १२ जुलैला पाणी तिथवर आलं होतं. सकाळी आंबी नदीवरचं पानशेतचं धरण फुटलं, तो लोंढा खडकवासल्यावर आदळला, काही तासांत तेही धरण गेलं आणि मुठा पेठांमधून वाहू लागली. लकडी पूल पाण्याखाली गेला. या वाड्यातली निरांजनं नंतर गाळ उपसताना एकेक करून सापडली. दोन अजून सापडायची आहेत.

आणि या वाड्यातल्या मुलांना किल्ला करायचा आहे. चिखलाचा.

ओसरीवर बसलेल्या आजींना ते पटलेलं नाही. "चार महिने घमेल्यानं चिखल बाहेर काढला, आणि तुम्ही तो परत आत आणताय?" त्या विचारतात. उत्तर कुणी देत नाही. मोठ्या मुलीनं परकर खोचून पाय चिखलात घातले आहेत आणि ती तुडवते आहे. दहाअकरा वर्षांची असेल. या कामाची मुखत्यारी तिच्याकडे आहे, हे तुम्हाला लगेच कळतं, कारण तुमच्याकडे न बघताच ती म्हणते, "नुसते उभे राहू नका. त्या ढिगातनं माती आणा. रस्त्यावरचा गाळ नको, भिंतीचीच आणा."

घमेलं घेऊन ढिगाशी वाका. दोन्ही माती एकेका मुठीत घेऊन बघा, म्हणजे ती असं का म्हणाली ते कळेल. नदीचा गाळ बोटांतून निसटतो, वाळला की त्याला भेगा पडतात आणि उतारावरून त्याचे पापुद्रे सुटतात. भिंतीची माती पांढरट, बारीक, चिकट आहे. वाडा बांधला त्या वेळी कुणीतरी ती भिजवून, तुडवून, भुसा घालून मुरवली होती. पुरात ती विरघळून बसली, पण तिचा चिवटपणा गेलेला नाही. मातीची ही पारख मुलांना शाळेत कुणी शिकवलेली नाही. गेल्या वर्षीचा किल्ला पाडव्यालाच खचला होता, त्यातून आली आहे.

यंदा राजगड करायचा ठरलं आहे. प्रतापगड सोपा पडला असता असं चष्मेवाल्या मुलाचं म्हणणं आहे आणि ते खरंही आहे. राजगडाला मधे बालेकिल्ला आणि तीन दिशांना तीन माच्या: पद्मावती, सुवेळा, संजीवनी. कोपऱ्यात भिंतीला टेकवून अर्धा डोंगर उभा केला आणि भागलं, असं इथं चालत नाही. चहूबाजूंनी दिसणारा डोंगर चौकाच्या मधोमधच हवा. म्हणून आधी पडक्या भिंतीचे दगड आणि जुन्या पातळ विटा रचायच्या. त्यांच्यावर गोणपाट, तेही चिखलाच्या पातळ राड्यात बुडवून, निथळू न देता. ते दगडांवर पडलं की मुली दोन्ही हातांनी दाबून त्याच्या घड्या पाडतात, आणि दगडांच्या ढिगाला घळी फुटतात, सोंडा येतात. बघता बघता तो सह्याद्रीतला डोंगर होतो. घड्या वाळायच्या आत त्यांच्यावर मातीचा हात फिरवायचा असतो. तुमचं घमेलं रिकामं झालं आहे, ते पुन्हा भरून आणा.

संजीवनी माचीची तटबंदी दुहेरी आहे. धाकट्यानं एकच भिंत घातली आणि ताईनं ती मोडायला लावली, तेव्हा तो रडवेला झाला. मोडायला लावलं ते मला योग्य वाटतं. त्याच्या सुबक भिंतीपेक्षा राजगड कसा आहे हे इथं महत्त्वाचं आहे. पुढच्या उन्हाळ्यात कुणी मामा-काका त्याला गडावर घेऊन गेला, तर दोन तटांमधल्या त्या अरुंद बोळात शिरताना त्याला वाट विचारावी लागणार नाही.

आता भुयार. दोघं डोंगराच्या दोन बाजूंना पोटावर झोपले आहेत आणि करवंटीनं आत उकरताहेत. बोलणं बंद, कारण कान मातीला लावून पलीकडची करकर ऐकायची असते. त्यातला एक रोज नदीपलीकडून चालत येतो. जुलैपर्यंत तो याच वाड्यात, त्या पडलेल्या माडीवर राहत होता. आता त्याचं बिऱ्हाड मामाकडे आहे. मामाच्या चाळीतही किल्ला होतो, पण तो इथंच येतो. "सापडला!" एकदम ओरडा होतो. आत दोघांची बोटं एकमेकांना लागली आहेत आणि दोघंही हात बाहेर काढायला तयार नाहीत.

कारंज्यावरून मात्र भांडण होतं. चष्मेवाल्यानं सायकलच्या दुकानातून व्हॉल्वची रबरी नळी आणली आहे. डबा पुढच्या माडीच्या खिडकीत ठेवायचा, नळी खाली आणायची, तोंडाशी बारीक टोक, की पाणी उडालंच. पण खडकवासला फुटल्यापासून शहराच्या पाण्याचे हाल आहेत. लोक पुन्हा विहिरी आणि कात्रजच्या पाण्यावरचे पेशवाईतले हौद धुंडाळू लागले. या घरांत पाणी अजून तांब्यानं मोजलं जातं. "कारंजं नाही," ताई म्हणते, आणि इथं तिचं ऐकावंच लागतं. पद्मावती तळ्यासाठी तिनं फुटलेल्या कपाटाच्या आरशाचा तुकडा राखून ठेवला आहे. त्याच्या धारेच्या कडा ती स्वतःच मातीत बुजवते, धाकट्यांना हात लावू देत नाही.

अळीव पेरायचं काम तुमच्याकडे. दाणे तासभर भिजवले की प्रत्येकाभोवती बुळबुळीत आवरण येतं, आणि तेच कामाचं: उभ्या उतारावरही दाणा घसरत नाही, जिथं लावाल तिथं चिकटून राहतो. गहू किंवा मोहरी अशी कड्यावर टिकणार नाही. दाट टाकू नका, चिमटीनं टाका, वाटा आणि तट मोकळे सोडा. पाणी ओतायचं नाही, ओल्या बोटांनी शिंपडायचं.

संध्याकाळी ओसरीवर आकाशकंदिलाचं काम निघतं. मुखत्यारी आता आजींकडे गेली आहे. सकाळची नाराजी त्यांनी बोलून दाखवली होती, मागे घेतलेली नाही, पण खळ त्यांच्याशिवाय कुणाला जमत नाही. कणीक पाण्यात शिजवून ती गुठळी न होता काचेसारखी व्हायला हवी, आणि झुरळांनी कागद कुरतडू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद. तो हात लगेच धुवायचा, ही तंबी प्रत्येकाला वेगळी मिळते.

बांबू बुरूड आळीतून आला आहे. सारख्या लांबीच्या २४ कामट्या काढून काचेच्या तुकड्यानं तासल्या आहेत, नाहीतर कुसळं बोटांत जातात. चार कामट्यांचा एक चौकोन, असे सहा चौकोन. मग चौकोनांचे कोपरे एकमेकांना दोऱ्यानं बांधायचे. एक वर, एक खाली, चार बाजूंना कोनावर उभे. शेवटची गाठ मारून हात काढा आणि नीट बघा: सहा चौकोनांच्या मधे आठ त्रिकोण तयार झाले आहेत. त्रिकोण म्हणून एकही कामटी कुणी बांधलेली नाही. धाकटा ते बोटानं पुन्हा पुन्हा मोजतो, आणि त्याला मोजू दिलं जातं. या एका गोष्टीसाठी मला हा कंदील आयत्या मिळणाऱ्या कुठल्याही चांदणीपेक्षा मोलाचा वाटतो. भूमितीच्या पुस्तकात पुढे जे कागदावर सपाट भेटणार आहे, ते इथं त्याच्या मांडीवर उभं आहे, आणि ते त्यानं स्वतः बांधलं आहे.

वरचा चौकोन उघडा ठेवायचा, धूर जायला. खालच्यावर आडवी पट्टी, पणतीसाठी. बाकीच्या अंगांना पतंगाचा कागद: चौकोनांना लाल, त्रिकोणांना पिवळा. तो आणायला ताई तुम्हाला घेऊन गेली होती. दुकानदार भाव आण्यांत सांगत होता, ती नव्या पैशांत हिशेब करून त्याची चूक काढत होती. उरलेल्या कागदाच्या घड्या घालून कात्रीनं करंज्या कापतात, त्या कडांना लागतात, आणि खालच्या कोपऱ्यांना झिरमिळ्या. आता कंदील दोरीनं कप्पीवरून वर चढवायचा. कप्पी जुनी, तुळईतून काढलेली. कुरकुरते.

चित्रं मंडईच्या रस्त्यावर पथारीवाल्याकडून येतात. भाजलेल्या मातीची, दोन बाजूंच्या साच्यांतून काढून जोडलेली. कुशीवर बोट फिरवलंत तर सांधा लागतो. सिंहासनावरचे महाराज, भालाईत मावळे, तोफ, वाघ, गवळण, वासुदेव. गवळण महादरवाजापेक्षा उंच आहे, आणि त्याबद्दल इथं कुणाची काही तक्रार नाही. तट मात्र मापात हवा.

चार दिवसांनी पुन्हा या. अळिवानं डोंगर हिरवा केला आहे. पणत्या पायवाटेवर आहेत आणि शेजारच्या वाड्यातली माणसं बघायला उभी आहेत. मोठी माणसंही आहेत. त्यांतल्या काहींनी जुलैनंतर या चौकात पाऊल टाकलेलं नव्हतं. नदीपलीकडून येणारा मुलगा आज माहिती सांगायला उभा आहे. त्यानं ती पाठ केलेली नाही, म्हणून ती कधी मागे जाते, कधी पुढे. पंचवीसेक वर्षं इथून कारभार चालला. मग राजधानी रायगडाला गेली. ही सुवेळा. इथं कातळाला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. ते त्यानं अंगठ्यानं पाडलं आहे, माती ओली होती तेव्हा.

"यातून पलीकडचं दिसतं का रे?" एक आजोबा विचारतात.

"दिसतं की. पण खाली वाकायला लागतं."

आजोबा धोतर सावरत उकिडवे बसतात. त्यांच्यामागे रांग लागली आहे, रांगेत तुम्हीही आहात, आणि ताई मागून ओरडते आहे, "एकेकानं या, तटावर हात ठेवू नका, माची अजून ओली आहे!"